वॉलेस, बिस्किट आणि कलम तीन

दोन कुत्री रस्त्यात भांडली आणि एकाने दुसऱ्याला रक्तबंबाळ केलं, तर इंग्लंडच्या फौजदारी कायद्याला त्यात सहसा रस नसतो. तो कुत्रा जवळच्या माणसालाही चावेल अशी रास्त भीती असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मालकांनी आपापसात बघून घ्यावं, व्हेटच्या बिलावरून हवं तर दिवाणी दावा लावावा. माझ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र कायदा थेट मध्ये पडतो, कारण तो गाइड डॉग आहे, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाला वाट दाखवणारा कुत्रा. इथल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना हा फरक माहीत नाही. दुसरा एक कुत्रा त्याला चावला, त्यानंतर "अरे, कुत्र्याकुत्र्यांचं भांडण ते, पोलीस काय करणार?" असं मला चार जणांनी तरी ऐकवलं. त्यांच्यासाठी आणि इथे कुत्रे पाळलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितो आहे.

आधी वॉलेसची ओळख. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचा संकर, रंग फिकट पिवळा असं घरचे सांगतात. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची ही गाइड डॉग्ज संस्थेची पद्धत, त्यामुळे त्याची भावंडंही सगळी डब्ल्यूवाली. सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांच्या जिभेवर 'वॉलेस' काही बसेना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याचं वसंतराव करून टाकलं. "वसंतराव, सरका जरा, केर काढायचाय." आणि तो सरकायचा! ट्रेनरला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

त्याच्यासाठी मी मोजलेली किंमत ५० पेन्स. इथे गाइड डॉग घेणारा प्रत्येक जण एवढेच देतो; बाकीचा सगळा खर्च देणग्यांतून होतो. या देशातली पहिली चार गाइड कुत्री, ज्यूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा, १९३१ साली लिव्हरपूलच्या पलीकडच्या वॉलसीमध्ये एका गॅरेजात तयार झाली. म्युरिएल क्रुक आणि रोझामंड बॉन्ड या दोन बायकांनी तो खटाटोप केला. चौघीही अल्सेशियन होत्या. आता बहुतेक माझ्या वॉलेससारखी संकरित असतात.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांचा आजार आहे. सांगलीत शाळेत असताना संध्याकाळी लाइट गेले की मी दाराच्या चौकटींना धडकायचो आणि सगळे मला वेंधळा म्हणायचे. इथे लेस्टरला आलो तेव्हा समोरचं थोडंफार दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पांढरी काठी मी अनेक वर्षं वापरली, अजूनही वापरतो. काठी आणि कुत्रा यांत फरक असा की काठी अडथळा आहे हे सांगते आणि कुत्रा अडथळ्याला वळसा घालून नेतो. पण कुठे जायचं ते मीच ठरवायचं असतं. लोकांना वाटतं वॉलेसला पत्ता सांगितला की तो नेऊन सोडतो. तसं काही नाही. रस्ता माझ्या डोक्यात, चालणं त्याच्या नजरेनं. सिग्नल हिरवा झाला हेही त्याला कळत नाही. ते मला खांबावरच्या बटणाच्या डब्याखाली असलेला छोटा दातेरी शंकू बोटांना फिरताना जाणवला की कळतं. (हात लावून बघा कधीतरी. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्या डोळसांनाही तो ठाऊक नसतो.)

आम्ही राहतो मेल्टन रोडच्या बाजूला. कामाला जाताना बेलग्रेव्ह रोडवरून जावं लागतं, म्हणजे 'गोल्डन माइल'. दोन्ही बाजूंना साड्यांची, सोन्याची आणि मिठाईची दुकानं, सकाळी सकाळी तळणाचा वास. लॅब्रॅडॉर रक्ताच्या कुत्र्यासाठी हा रस्ता म्हणजे रोजची परीक्षा. फुटपाथवर कुणीतरी अर्धा समोसा टाकलेला असतोच. वॉलेसची मान जराशी खाली झुकते, त्याच्या अंगावरच्या हार्नेसचा दांडा माझ्या हातात असतो, त्यातून मला ते कळतं, मी नुसतं "वॉलेस" म्हणतो आणि मान पुन्हा वर येते. दुसरी कुत्री दिसली तरी हेच. हुंगायचं नाही, खेळायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, अशा सवयी लावलेला कुत्रा आहे तो. त्यामुळे त्याच्यावर कुणी धावून आलं तर पळणं किंवा उलटून चावणं हे दोन्ही पर्याय त्याच्यापाशी जवळजवळ नसतात. हार्नेसमध्ये असताना तो माझ्या हाताला बांधलेला असतो.

तर गेल्या शरदात, एका सकाळी, बसस्टॉपच्या अलीकडे. आधी गळ्यातल्या बिल्ल्याचा खुळखुळाट ऐकू आला, फार वेगात. मग नाकातून घोरल्यासारखा श्वास. मग काहीतरी माझ्या गुडघ्याला घासून वॉलेसवर आदळलं आणि हार्नेसचा दांडा माझ्या हातातून निसटला. पट्टा मनगटात होता म्हणून तो माझ्यापासून तुटला नाही. वॉलेस तोवर माझ्याकडे आल्यापासून कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तो ओरडला, आणि तो आवाज कुठून येतोय हेच मला क्षणभर कळेना. मी पाय झाडले, ओरडलो. वाहनं उजवीकडून जात होती, आणि त्या झटापटीत आपण फुटपाथच्या कडेपासून किती लांब आहोत याचा माझा अंदाज पार गेला. खरी भीती मला त्याची वाटली.

मग एका बाईचा आवाज, लांबून, अजिबात घाई नसलेला: "बिस्किट! बिस्किट, कम हिअर!"

होय, बिस्किट.

ती जवळ आली, आपल्या कुत्र्याला ओढून काढलं आणि मला म्हणाली, "सॉरी, मी डक, तो प्रेमळ आहे हो, त्याला फक्त हॅलो म्हणायचं होतं." 'मी डक' हे लेस्टरचं 'अरे बाबा'. माझा श्वास जागेवर येईपर्यंत ती निघूनही गेली होती.

बायकोने घरी येऊन वॉलेसला तपासलं तर तिला काही दिसलं नाही. त्याचे केस दाट आहेत. दुपारी व्हेटने केस कापून पाहिलं तेव्हा पुढच्या पायाच्या मागे दातांची दोन भोकं सापडली. नेमका हार्नेसचा पोटाखालचा पट्टा बसतो तिथे. टाके पडले नाहीत, अँटिबायोटिकवर भागलं, पण जखम भरून तिथे केस येईपर्यंत हार्नेस बंद. म्हणजे माझ्यासाठी कुत्रा घरात असून पुन्हा काठी.

आता कायदा. इथला धोकादायक कुत्र्यांचा कायदा १९९१चा, 'डेंजरस डॉग्ज ॲक्ट'. बहुतेकांना तो बंदी घातलेल्या जातींमुळे माहीत असतो, पिट बुल आणि अलीकडे एक्सएल बुली. पण माझ्या कामाचं कलम तीन, आणि ते जातीबद्दल नाहीच. कुठलाही कुत्रा धोकादायकरीत्या ताब्याबाहेर गेला तर त्याचा मालक आणि त्या वेळी तो ज्याच्या हाती होता ती व्यक्ती गुन्हेगार. १९९१ साली 'धोकादायक' ठरायला तो कुत्रा माणसाला इजा करेल अशी रास्त भीती असावी लागे. गाइड डॉगला चावा बसला आणि धनी सहीसलामत राहिला, तर वकिलाला आधी हे सिद्ध करावं लागे की धन्यालाही धोका होता. २०१४ च्या दुरुस्तीने हे बदललं. १३ मे २०१४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये व्याख्या अशी आहे की कुत्रा माणसाला किंवा सहायक कुत्र्याला (गाइड डॉग त्यांतच येतो) इजा करेल अशी रास्त भीती वाटण्याजोगी परिस्थिती असेल, तर तो ताब्याबाहेर. प्रत्यक्ष इजा होवो अथवा न होवो.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण गाइड डॉगचं नुकसान रक्तात मोजता येत नाही. नुसता अंगावर आला, गुरगुरला, चावला नाही, तरी गुन्हा होऊ शकतो; त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सहायक कुत्रा जखमी झाला किंवा मेला तर कमाल तीन वर्षं. माणूस जखमी झाला तर पाच, मेला तर चौदा. या क्रमात वॉलेसची जागा माणसाच्या खाली आणि इतर सगळ्या कुत्र्यांच्या वर आहे. मला ती योग्य वाटते. २०१६ पासून शिक्षा ठरवण्यासाठी न्यायालयांना दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांत तर कुत्र्याच्या जखमेबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसावर काय परिणाम झाला हेही तोललं जातं. कुणीतरी, कुठल्यातरी समितीत, हा विचार नीट केलेला आहे.

अनेक जण याची 'फिन्स लॉ'शी गल्लत करतात. तो २०१९चा कायदा पोलिसांच्या कुत्र्यांसाठी आणि घोड्यांसाठी आहे, फिन नावाच्या पोलीस कुत्र्याला एकाने भोसकल्यानंतर झालेला. त्यात कुत्र्यावर हल्ला करणारा माणूस असतो. आमचा प्रश्न कुत्र्याच्या मागे निवांत चालत येणाऱ्या माणसाचा.

आणि तो प्रश्न मोठा आहे. गाइड डॉग्ज संस्थेच्या संशोधकांनी २०१० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासून 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. हल्ले ६२९, म्हणजे महिन्याला सरासरी ११. वीस कुत्र्यांना त्यापायी काम कायमचं सोडावं लागलं. तीन चतुर्थांशांहून जास्त हल्ल्यांत हल्ला करणाऱ्या कुत्र्याबरोबर त्याचा माणूस हजर होता. भटकी, सुटलेली, कुंपण तोडून आलेली कुत्री नव्हेत ती. फिरायला आणलेली होती. एका पट्ट्याने हे बहुतेक टळलं असतं. बिस्किटच्याही गळ्यात बिल्ला होता, म्हणजे पट्टाही असणार. बाईंच्या खिशात.

पोलिसांना मी १०१ वर फोन केला. फोनवरचा तरुण अतिशय सौजन्याने प्रश्न विचारत होता. कुत्रा कुठल्या जातीचा? रंग? बाईंनी काय घातलं होतं? कुठल्या दिशेने गेल्या? मी सांगितलं की मी आंधळा आहे. "ओह. ऑफ कोर्स. सॉरी," आणि मग थोडा वेळ फक्त कीबोर्ड. त्याची काही चूक नव्हती. त्याच्यासमोरचा फॉर्मच डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेचा होता. गाइड डॉगसाठी खास गुन्हा निर्माण करताना, त्याची फिर्याद जवळपास प्रत्येक वेळी न दिसणारा माणूस देणार हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नसावं. हल्लेखोर ओळखायचा कोणी? पळून जाणाऱ्याच्या मागे जायचं कोणी? ज्याच्यावर हल्ला झाला तोच तर माझे डोळे होता.

तरी मी जे होतं ते दिलं. बाई पन्नाशीच्या पुढची, सिगारेट ओढणारी, बोलणं इथलंच. चप्पल किंवा सैल बूट, कारण टाच फरफटत होती. कुत्रा माझ्या गुडघ्याएवढा, अंगाने जाड, आखूड तोंडाचा असावा कारण श्वास घोरत होता. नाव बिस्किट. "नाव नक्की ऐकलंत?" "दोनदा." तो म्हणाला, हे फारच उपयोगी आहे. मला वाटतं त्याला ते मनापासून वाटलं.

पण प्रकरण पुढे सरकलं ते माझ्यामुळे नाही. बसस्टॉपसमोरच्या मिठाईच्या दुकानातल्या गुजराती बेननी सगळं पाहिलं होतं. त्यांच्याकडे कॅमेराही होता. संध्याकाळी बायको विचारायला गेली तर म्हणाल्या, "मी तुमचीच वाट बघत होते, त्या भाईंना थांबवायला बाहेर आले तोवर ते गेले." बाई रोज त्याच वेळी कुत्रा घेऊन जाते, हेही त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पोलीस तिच्या दारात होते.

इथून पुढचं मला सोपं गेलं नाही. कलम तीनखाली जखमेचा गुन्हा शाबित झाला तर न्यायालयाने त्या कुत्र्याला मारण्याचा हुकूम द्यायचा, हा नियम आहे. त्याच्यापासून लोकांना धोका नाही अशी न्यायालयाची खात्री पटली तरच तो वाचतो. बऱ्याचदा मग अटी घालून जगू देतात, म्हणजे बाहेर मुसकं आणि पट्टा. तरी पहिली पायरी तीच. मी कुत्र्यावर विसंबून जगणारा माणूस. एका कुत्र्याच्या जिवावर उठणारा कागद माझ्या सहीने हलणार होता. बायको म्हणाली, "त्यानं काय केलं? त्याला मोकळं कुणी सोडलं?" सासूबाईंचं मत फोनवरून वेगळंच आलं: "वसंतरावांना विचारा!" वसंतराव तेव्हा सोफ्याखाली झोपायला लागले होते. आधी ते दारात झोपायचे.

ते खरं नुकसान. केस परत आले, हार्नेस चढला, आणि पहिल्याच फेरीत बिल्ल्याचा खुळखुळाट ऐकून तो फुटपाथच्या मधोमध थिजला. समोर होता एक म्हातारा स्पॅनिअल, पट्ट्यात, रस्त्याच्या पलीकडे. पुढे सांगूनही वॉलेस हलेना. गाइड डॉगने बिनकारण थांबणं धोक्याचं असतं, कारण मला वाटतं पुढे खड्डा आहे. तो जिथे जिथे थांबला तिथे तिथे मी पायाने खड्डा शोधत बसलो. मग संस्थेची ट्रेनर आठवड्यातून येऊ लागली. एक शांत कुत्रा आणायची, आधी लांब उभा करायची, मग जवळ, मग शेजारून न्यायची, प्रत्येक वेळी वॉलेसला खाऊ. महिने गेले त्यात. तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की जमलं नाही तर त्याला निवृत्त करावं लागेल. वॉलेस तेव्हा पाच वर्षांचा, म्हणजे अजून निम्मी नोकरी बाकी. नव्या कुत्र्यासाठी पुन्हा रांग, पुन्हा जोडी जुळवणं, पुन्हा शिकणं. तो निवृत्त झाला नाही. बेलग्रेव्ह रोडवर आम्ही पुन्हा चालतो. मागून बिल्ला वाजला की त्याचा वेग अजूनही वाढतो, आणि खरं सांगायचं तर माझाही.

बिस्किट जिवंत आहे. प्रकरण न्यायालयात न नेता मिटलं. पोलिसांनी मला विचारलं, मी हो म्हणालो. बाईंनी चूक कबूल केली, व्हेटचं बिल भरलं आणि बाहेर नेताना मुसकं व पट्टा घालायचं लेखी दिलं. काही ओळखीच्या आंधळ्या मित्रांना हे अजिबात आवडलेलं नाही. अशीच प्रकरणं मिटवत राहिलो तर तीन वर्षांची शिक्षा कागदावरच राहणार, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यात तथ्य आहे. मीही हाच निर्णय पुन्हा घेईन.

सांगलीला वॉलेसला घेऊन ये, असं आई दर फोनला म्हणते. मी हसून टाळतो. तिथल्या आमच्या गल्लीतली कुत्री मला पोरपणापासून ठाऊक आहेत. आपल्या हद्दीत आलेल्या परक्या कुत्र्याचं ती काय करतात हेही. भारतात गाइड डॉग फारसे दिसत नाहीत याचं निदान एक कारण गल्लीच्या तोंडाशी बसलेलं असतं. कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, म्हणजे जुन्या दंडविधानाचं २८९, पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. पण त्यातही धोका माणसाच्या जिवाला किंवा शरीराला असावा लागतो. इंग्लंड २०१४ पूर्वी जिथे होतं, साधारण तिथेच. शिवाय गल्लीतल्या कुत्र्याला मालकच नसतो, मग कुणाला धरणार?

न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण सांगते की तिकडे २०१४ साली असाच कायदा झाला आणि त्याला 'डस्टीज लॉ' म्हणतात. डस्टी हा तिथल्या 'द सीइंग आय' या संस्थेचा, प्रशिक्षणातला कुत्रा. २०१० मध्ये त्याच्यावर पिट बुलने हल्ला केला होता. हे ऐकल्यावर मी इथला कायदा पुन्हा उघडून वाचला, कारण मला एक शंका आली. ती खरी निघाली. इथल्या कलमातली 'सहायक कुत्रा' ही व्याख्या २०१० च्या समानता कायद्यातून उचलली आहे, आणि तिथे लिहिलंय, आंधळ्या माणसाला वाट दाखवण्याचं प्रशिक्षण दिलेला कुत्रा. दिलेला. घेत असलेला नव्हे. म्हणजे वॉलेस सात-आठ महिन्यांचा असताना, कोट घालून, कुणा स्वयंसेवक आजीबाईंबरोबर दुकानात आणि बसमध्ये वावरायला शिकत होता तेव्हा बिस्किटने त्याला फाडला असता, तर या कायद्यापुरता तो साधा कुत्राच ठरला असता. आणि त्या वयात बसलेली भीती जाता जात नाही, हे कुणीही ट्रेनर सांगेल. तो गाइड डॉग झालाच नसता, आणि त्यामुळे कुणाचं काय गेलं हेही कुणाला कळलं नसतं.

आमच्या भागाच्या खासदारांना मी याबद्दल पत्र पाठवलं आहे. व्याख्येत 'किंवा प्रशिक्षण घेत असलेला' एवढंच घालायचं आहे, असं लिहिलं. सोबत फिर्यादीच्या फॉर्मचंही लिहिलं, की आवाज, वास आणि हाक मारलेलं नाव यांच्यासाठीही त्यात जागा असावी. पोच आली आहे. उत्तर आलं की इथे टाकेन.